भावाचा हेवा वाटतोय? आधी तक्रारीचा पत्ता तपासा

२०१९ साली माझ्या धाकट्या भावाने ऐरोलीत फ्लॅट घेतला. घराच्या प्रार्थनेला पाळकसाहेब आले, आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, पंधरावीस माणसं आली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे. मी छतातले दिवे मोजत होते. नुसत्या हॉलमध्ये चौदा. सगळ्यांबरोबर "आमेन" म्हटलं, पण कशाला म्हटलं ते आज विचाराल तर सांगता येणार नाही.

मी कळव्याची. दहा वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवलंय, काइन आणि हाबेल या भावांचं चित्र दरवर्षी मुलांकडून रंगवून घेतलंय. म्हणजे वचनं माहीत नव्हती अशातला भाग नाही. "प्रीती हेवा करत नाही" हे तर पाठ होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की हेवा वाटायला लागल्यावर आधी काय करायचं आणि मग काय. त्यामुळे सगळं उलट्या क्रमाने केलं आणि घरात दोन महिने अबोला ओढवून घेतला. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा क्रम लिहून ठेवतेय. कॅथलिक असा की प्रोटेस्टंट, फारसा फरक पडत नाही. जिथे पडतो तिथे सांगेन.

काय काय लागेल

- शंभर पानी वही. मोबाइलमध्ये लिहू नका, मुलं उघडतात.
- पवित्र शास्त्र, घरात असेल ते.
- नात्यातलं नसलेलं, पोटात गोष्ट ठेवणारं एक माणूस. कॅथलिक असाल तर कन्फेशनची सोय आहेच. आम्हा प्रोटेस्टंटांत ती नाही, म्हणून माणूस पारखून घ्या. महिला मंडळातलं शक्यतो नको.
- घराजागेचा प्रश्न असेल तर कागदपत्रं. त्यांची यादी पाचव्या पायरीत.
- साधारण सहा महिने. एका उपवास-प्रार्थनेत हे उरकत नाही.

१. आपलं "पण" पकडा

हेवा आपल्याला हेवा म्हणून कधी कळत नाही. तो काळजी म्हणून येतो, तत्त्व म्हणून येतो. भावाला पगारवाढ मिळाली की मी म्हणायचे, "छान, पण ऑफिस लांब पडेल ना?" त्याच्या मुलीला चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला तेव्हा म्हणाले, "छान, पण तिथे मराठी शिकवत नाहीत." आठवडाभर आपली वाक्यं ऐका. ज्या माणसाच्या प्रत्येक बातमीला तुमच्याकडून "पण" निघतं, त्याचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आपल्या लोकांत याचा एक खास प्रकार आहे, तो म्हणजे प्रार्थनाविनंती. "माझ्या भावासाठी प्रार्थना करा, तो फार पैशामागे लागलाय." मी हे कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनासभेत, म्हटलेलं आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या, एकीने तर डोळे पुसले. त्या संध्याकाळी मला फार हलकं वाटलं होतं, आणि संशय यायला तेवढं पुरेसं होतं.

दुसरा प्रकार म्हणजे कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वचन टाकणं. धनवानाने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, ते. कोणाला उद्देशून टाकलंय ते सगळ्यांना कळतं आणि कोणी काही बोलत नाही.

२. हिशोब लिहा, आणि शेवटी एक रकाना जास्त ओढा

मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे हे मला जमलं. तुम्हालाही जमेल. पानावर तीन रकाने करा: वर्ष, काय झालं, आणि कोणी केलं.

माझ्या पहिल्या ओळी अशा होत्या. २००१: बेलापूर रोडवरची पप्पांची कंपनी बंद पडली, माझं एस.वाय.बी.कॉम. सुटलं, नोकरी धरली. २००७: त्याची इंजिनिअरिंगची पहिली फी, त्यातले अठरा हजार माझे. २००९: त्याला लॅपटॉप. २०१६: पप्पा दवाखान्यात, रात्रपाळीला मी, तो पुण्यात. अशा बावीस नोंदी झाल्या. लिहिताना हात थरथरत होता आणि, खोटं कशाला सांगू, बरंही वाटत होतं.

मग तिसरा रकाना भरायला घेतला. कॉलेज सोडायला कोणी लावलं? पप्पांनी. फी कोणी मागितली? आईने. २००१ साली भाऊ बारा वर्षांचा होता, सातवीत. बावीसपैकी सतरा नोंदींपुढे त्याचं नाव येईना. माझी तक्रार खरी होती, पत्ता चुकीचा होता.

हे कळल्यावर शास्त्रातल्या भावाभावांच्या गोष्टी परत काढून वाचा. तुम्हालाही त्यात तोच चुकलेला पत्ता दिसेल. काइनाचं अर्पण देवाने मान्य केलं नाही, हाबेलाने नव्हे. हात उचलला तो हाबेलावर. योसेफाला पायघोळ झगा याकोबाने दिला. बापाला काही खड्ड्यात टाकता येत नाही, म्हणून भावांनी सतरा वर्षांच्या पोराला टाकलं आणि वीस रुपयांना विकलं. (शास्त्रात 'रुपये' म्हटलंय, ती चांदीची नाणी.) राहेलीला मूल होत नव्हतं, आणि तिने हेवा केला सख्ख्या बहिणीचा, लेआचा.

पत्ता बरोबर गाठणारा मला एकच सापडला, तो लूकच्या पंधराव्या अध्यायातला थोरला भाऊ. पैसे उडवून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो, त्या गोष्टीतला. संडे स्कूलमध्ये आपण त्याला खलनायक करून टाकतो. पण तो करतो काय? धाकट्याच्या अंगावर जात नाही. शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, बाहेरच थांबतो आणि बापाला तोंडावर सांगतो: इतकी वर्षं राबलो, मित्रांबरोबर चैन करायला तुम्ही मला कधी करडूही दिलं नाहीत. आणि बाप? बाप मेजवानी सोडून त्याच्यासाठी अंगणात आलेला असतो. ओरडत नाही, समजूत घालतो. थोरला म्हणतो "हा तुमचा मुलगा", बाप उत्तर देताना म्हणतो "हा तुझा भाऊ". पुढे थोरला आत गेला की नाही, ते येशूने सांगितलेलंच नाही. पहिल्यांदा मला याचा राग आला होता. आता वाटतं, बरं झालं नाही सांगितलं.

इथे एक थांबा घ्या. तिसऱ्या रकान्यात खरोखरच भावाबहिणीचं नाव येत असेल, म्हणजे पैसे बुडवले, सही खोटी केली, मारहाण केली, तर तो हेवा नाही, अन्याय आहे. त्याची वाट वेगळी. आपल्याकडे बहिणीने वाटा मागितला की "हेवा करू नकोस, ख्रिस्ती मुलीला शोभत नाही" असं तिला ऐकवलं जातं. अशा वेळी गणना २७ उघडून दाखवा. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या, म्हणाल्या आमच्या बापाचं वतन आम्हाला द्या. आणि परमेश्वराने मोशेला सांगितलं, त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

३. बापाशी भांडा

आकाशातल्या. प्रार्थनेची आपली एक ठरलेली भाषा असते, "हे दयाळू आणि कृपाळू पित्या" वगैरे. त्या भाषेत तक्रार करता येत नाही, जीभच वळत नाही. म्हणून आधी स्तोत्र ७३ मोठ्याने वाचा. आसाफ सरळ म्हणतो की दुष्टांची भरभराट पाहून मला हेवा वाटला, त्यांची अंगं कशी धष्टपुष्ट आहेत. आणि पुढे स्वतःलाच म्हणतो की मी तुझ्यापुढे पशूसारखा होतो. हा माणूस मंदिरातला गाणारा होता. त्याला चालतं, तर आपल्याला चालेल.

आमचं घर वन-रूम-किचन, एकांत मिळायचा नाही. मी ऑफिस सुटल्यावर ठाणे स्टेशनवरून कळव्याची गाडी न धरता तलावपाळीला एक फेरी मारायचे आणि मनात बोलत चालायचे. संध्याकाळी तिथे इतकी गर्दी असते की कोणी आपल्याकडे बघत नाही. तीन आठवडे नुसती कटकट केली. वहीतल्या सतरा नोंदी एकेक करून वाचून दाखवल्या म्हणा ना.

उत्तर काय मिळालं, हे लोक विचारतात. आवाज वगैरे आला नाही. पण योहानाच्या शेवटच्या अध्यायातला एक प्रसंग चिकटून बसला. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, त्याचं पुढचं सांगतो, ते ऐकून पेत्र मागे वळतो आणि दुसऱ्या शिष्याकडे, योहानाकडे, बोट करतो: प्रभू, याचं काय? येशूचं उत्तर आहे, तुला त्याचं काय? तू माझ्यामागे ये. आमच्या आजीच्या तोंडी शोभेल असं उत्तर. मला ते रागावल्यासारखं वाटायचं, आता मोकळं केल्यासारखं वाटतं. दिवे चौदा असोत नाही तर चाळीस, त्यांचं वीजबिल मला भरायचं नव्हतं.

४. आई-वडील असतील तर विचारा, पण निवाडा मागू नका

ही पायरी मी जवळजवळ गाळणार होते. पप्पा २०१६ ला गेले. आई सत्तरीची. या वयात तिला जाब विचारायचा म्हणजे पाप, असं वाटायचं.

जाब विचारू नका, माहिती विचारा. "तू माझ्यावर अन्याय का केलास" असं म्हटलंत की ती रडेल आणि बोलणं तिथेच संपेल. मी मेथी निवडता निवडता विचारलं, "मम्मी, तेव्हा त्यालाच शिकवायचं असं तुमचं कसं ठरलं गं?" हाताला काम असलं की माणसं खरं बोलतात.

ती बराच वेळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तू काहीही झालं तरी उभी राहशील असं वाटायचं. त्याच्याबद्दल तसं वाटायचं नाही." मला हे आवडलं नाही. अजूनही पुरतं आवडलेलं नाही. मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. पप्पांच्या कंपनीचा पीएफ बँकेत ठेवला होता, तो २००६ साली मोडला. माझ्या लग्नासाठी. सगळाच्या सगळा.

बावीस नोंदींमध्ये ही नोंद नव्हती. हिशोब लिहिणारी बाई मी, आणि वहीत फक्त नावेची बाजू, जमेची कोरी. तुम्हीही आपली वही एकदा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या आठवणीशी ताडून बघा.

याहून वाईट म्हणजे, भावाच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटमध्ये पप्पांचे पीएफचे पैसे गेले, असं मी तीन जणांना सांगून बसले होते. नगरची आत्या आणि मंडळीतल्या दोघी.

५. घराजागेचा विषय वेगळा काढा

लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि मग लोभाबद्दल बोलतो. थोडक्यात, वाटणीसाठी पाळकसाहेबांना तहसीलदार करू नका. बिचारे चहा पितात, दोन्हीकडून बोलणी खातात आणि पुढच्या रविवारी अर्धं कुटुंब उपासनेला येत नाही.

वाटणी कायद्याने करा. आपल्याला लागू होतो तो भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५. त्यातलं कामापुरतं एवढं:

मृत्युपत्र न करता वडील गेले तर आईला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे. मुलगा-मुलगी, लग्न झालेली-न झालेली असा भेद नाही. जुन्या त्रावणकोर भागातल्या ख्रिस्ती बहिणींना हा हक्क मिळायला १९८६ साली मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयातून निकाल आणावा लागला. महाराष्ट्रात तो आधीपासूनच आहे. आमच्या कळव्याच्या घराचं गणित केलं तर दोन मुलं, म्हणजे आई, मी आणि भाऊ, तिघांना बरोबर एकेक तृतीयांश. ज्यावर मी वर्षानुवर्षं रात्री जागत होते ते भांडण एका ओळीत संपलं.

मृत्युपत्र असेल तर आई-वडील आपली मालमत्ता कोणालाही देऊ शकतात. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोला साक्षीदार करू नका, त्याला दिलेलं रद्द ठरतं. नोंदणीची सक्ती नाही, तरी केलेली बरी. आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव आहे म्हणजे घर त्याचं झालं, असं समजू नका. निम्मी भांडणं या एका गैरसमजातून होतात.

कागद जमवा: मृत्यूचा दाखला, नोंदणी केलेला करारनामा आणि इंडेक्स टू (त्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, नॉमिनेशन फॉर्मची प्रत, मालमत्ता कराची पावती, मृत्युपत्र असल्यास ते, सगळ्या वारसांचे आधार. आडनावात किंवा स्पेलिंगमध्ये गोंधळ असेल तर बाप्तिस्म्याचा दाखलाही काढून ठेवा.

सापळा एकच, पण मोठा: स्मरणाच्या प्रार्थनेनंतर, सगळे हळवे झालेले असताना, हक्कसोड पत्रावर सही करणं. सोडायचं तर खुशाल सोडा. पण वकिलाला दाखवून, महिनाभर झोप लागतेय का ते बघून. रडत रडत सोडलेला हक्क दहा वर्षांनी हेवा होऊन परत येतो.

६. आता भावाकडे जा (किंवा जाऊ नका)

मत्तयमध्ये दोन वचनं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. १८:१५ म्हणतं, भावाने तुझा अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला सांग. ५:२३–२४ म्हणतं, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी समेट कर. आपल्या मनात काय आहे याची भावाला कल्पनाही नसेल, तर यातलं एकही लागू होत नाही.

म्हणून माझं मत, पटो न पटो: मनातला नुसता हेवा त्याच्यापुढे कबूल करू नका. "इतकी वर्षं मी तुझ्यावर जळत होते, मला क्षमा कर" असं म्हटल्याने तुमचं ओझं उतरतं आणि त्याच्या डोक्यावर जातं. ते देवाला, फादरना किंवा त्या एका माणसाला सांगा. पण हेव्यापायी तुम्ही त्याचं काही बिघडवलं असेल, तर जायलाच हवं.

मी बिघडवलं होतं. आधी त्या तिघींना फोन केले. "पीएफबद्दल मी बोलले ते खोटं होतं, ते पैसे माझ्या लग्नाला गेले." आत्या म्हणाली, "मला ठाऊक होतं गं." मग तेव्हा का नाही बोललीस बाई, असं तोंडावर आलं होतं, पण ठेवला फोन.

मग भावाला एकट्याला बोलावलं. वहिनी नको, माझे मिस्टर नकोत, नाताळ-ईस्टर नको, कोणाचं घर नको. तो ऐरोलीहून आला, तलावपाळीच्या कट्ट्यावर बसलो, शेंगदाण्याची पुडी मध्ये. मी चार वाक्यांत सांगितलं. काय बोलले, कोणाला बोलले, ते खोटं होतं, आणि त्यांना तसं कळवलंय. कॉलेज, अठरा हजार, रात्रपाळ्या यातलं काही काढलं नाही. हे फार महत्त्वाचं. क्षमा मागताना जुनी बिलं जोडायची नसतात.

मला वाटलं होतं, तो गळ्यात पडेल. तो म्हणाला, "ताई, तू मंडळीत सांगितलंस?" आणि उठून गेला. पुडी तशीच राहिली.

दोन महिने फोन नाही. अशा वेळी मधल्या माणसांना कामाला लावू नका, आईलाही नाही. याकोब आणि एसाव या भांडलेल्या भावांना परत भेटायला वीस वर्षं लागली, आणि तेव्हाही याकोब आधी जनावरांचे कळप भेट म्हणून पुढे पाठवतो, सात वेळा जमिनीपर्यंत लवतो, मग एसाव धावत येऊन मिठी मारतो. आणखी एक, जे प्रवचनात कमी येतं: मिठी झाल्यावर दोघं एकत्र राहत नाहीत. एसाव सेईरला जातो, याकोब सुक्कोथला. समेट झाला म्हणजे रोज एकमेकांच्या घरी जेवलं पाहिजे, असं नाही.

नवव्या आठवड्यात भावाचा फोन आला. गॅसची नळी बदलायची होती, आईने कुठली आणली होती ते विचारायला. मी सांगितलं. बाकी काही बोलणं झालं नाही. त्या आठवड्यात मी तलावपाळीची फेरी मारली नाही.

७. रोजचा व्यायाम

रोम १२:१५ म्हणतं, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. शोक करायला आपण लगेच धावतो. मयताला गर्दी असते. आनंदाला कमी पडतो. तर भावाची चांगली बातमी आली की एक पूर्ण वाक्य "पण"शिवाय म्हणायचं आणि गप्प बसायचं. मनात काय आहे ते बाजूला ठेवा. आधी जीभ सुधारते, मन मागून येतं, आलं तर.

कंटाळा आला तर आंद्रियाचा विचार करा. त्याने पेत्राला, म्हणजे सख्ख्या भावाला, येशूकडे आणलं. पुढे डोंगरावर येशू ज्या तिघांना घेऊन गेला त्यात पेत्र होता, आंद्रिया नव्हता. त्याला त्या रात्री काय वाटलं, ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही.

घरात लहान मुलं असतील त्यांनी उत्पत्ती २५:२८ एकदा वाचावं: इसहाकाचा लाडका एसाव, रिबकेचा याकोब. एका ओळीत पुढची वीस वर्षं मावलीत. मार्कशीट दोघांच्या एकत्र टेबलावर ठेवू नका, एवढंच सांगते.

गेल्या नाताळला भाऊ नवी गाडी घेऊन कळव्याला आला. बिल्डिंगखाली सगळे जमले. मी म्हटलं, "रंग छान आहे." "पण" अगदी ओठांवर आलं होतं, पार्किंगचं काहीतरी होतं. हातात फराळाची ताटली होती, मी करंजी तोंडात कोंबली.